एकाच घरातल्या पाच लढाया

८ मे २०२५, गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. सोलापुरात बुधवार पेठेच्या बाजूला, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची असलेल्या एका घरात आजोबांनी नातवाच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

कारण छोटं दिसतं. नातू सोळा वर्षांचा. त्यानं मामाचा वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवला होता. मामा लष्करात, तेव्हा जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पूंछ भागात, आणि भारत-पाकिस्तान लढाई नुकतीच पेटलेली. फोटोखाली त्या जागेचं नाव होतं आणि ‘आता घुसून मारणार’ असं लिहिलेलं होतं. आजोबा फौजेतून पेन्शनवर आलेले. ते म्हणाले, “ते काढ आधी.” नातू म्हणाला, “सगळेच टाकायलेत आबा.” मग आवाज चढले आणि त्यात तो बोलून गेला, “तुम्हाला काय माहिताय लढाईचं? तुम्ही कुठं लढलाय? सतरा वर्षं नुसती ड्यूटी केली तुम्ही.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. आबा जेवणाचं ताट ओट्यावर घेऊन बसू लागले.

१३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. मुलगा वडिलांसोबत पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी त्याच्या शाळेत इतिहास शिकवते. गुण चांगले होते, तरी वडिलांचा चेहरा उतरलेला. मुलगा पाया पडून गाडी काढायला गेला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “बाई, हा आबांना असं बोलला. तुम्ही इतिहासाच्या. तुमचं ऐकंल तो.”

मे अखेर ते जुलैचा पहिला आठवडा या काळात मी त्या घरी नऊ वेळा गेले. तिथं जे पाहिलं, ऐकलं आणि जे करून बघितलं, ते माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणि घरात तीन-चार पिढ्या एकत्र राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे. नावं घातलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. लिहिलेलं त्या घरात वाचून दाखवलं आहे.

माणसं

घरात पाच जण. सगळ्यांत थोर मोठी आई, म्हणजे मुलाची पणजी. वय बयाऐंशीच्या आसपास. सासर मोहोळ तालुक्यात, नवरा सोलापूरला लक्ष्मी-विष्णू गिरणीत. तो शनिवारी गावी यायचा, सोमवारी परत जायचा. तिचा मुलगा म्हणजे आबा. जन्म १९६२, फौजेत भरती १९८१, पेन्शनवर आले १९९८ साली. पुढं बरीच वर्षं एका बँकेच्या दारात सिक्युरिटीचं काम केलं. गल्ली त्यांना ‘मेजर’ म्हणते. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, प्रत्यक्षात ते हवालदार होते. आबांचा मुलगा एकोणचाळीस वर्षांचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. सून अक्कलकोट तालुक्यातली. पूंछला असलेला जवान तिचा धाकटा भाऊ. आणि पाचवा हा मुलगा, जन्म २००९.

माझी पहिली चूक

मला वाटलं, प्रश्न खोट्या बातम्यांचा आहे. त्या आठवड्यात सगळीकडं तेच चाललं होतं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे व्हिडिओ फिरत होते, ते खोटे निघाले. व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती. मी पहिल्या भेटीत मुलाला समोर बसवून असे दोन व्हिडिओ दाखवले आणि ते खोटे कसे ते समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं. “हो बाई, ते फेक होते, मला तेव्हाच कळलं होतं,” म्हणाला. ‘आर्मा ३’ हा गेम तो स्वतः ओळखत होता. त्या बाबतीत त्याला माझ्यापेक्षा जास्त समज होती.

म्हणजे तो फसलेला नव्हता, आणि मी आजारच चुकीचा ओळखला होता. वर त्याला असं वाटलं की बाई आबांच्या बाजूनं आल्या आहेत. पुढच्या दोन भेटींत तो खोलीतून बाहेरच आला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपण शिक्षक हेच आधी करतो. पोरगं लढाईबद्दल आवेशात बोललं की धरतो त्याचा मोबाइल.

मग मी ठरवलं की समजावणं बंद. प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारायचा: लढाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं?

खिडकी

मोठी आईनं उत्तर देण्याआधी खिडकीकडं बोट केलं. खिडकीवर सोलापुरी चादर टांगलेली होती, दोन खिळ्यांवर, दुहेरी घडी करून. ७ मे रोजी टीव्हीवर ‘ब्लॅकआउट’ आणि ‘मॉक ड्रिल’ हे शब्द सारखे येऊ लागले. मुंबई-पुण्याची नावं आली, आणि त्याच संध्याकाळी तिनं ती चादर लावून घेतली. मे महिन्यातलं सोलापूर, पारा चाळिशीच्या वर, आणि घरातली एकुलती एक वाऱ्याची खिडकी बंद.

डिसेंबर १९७१ मध्ये ती मुंबईला परळच्या चाळीत बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली होती. काचांना काळे कागद, बाहेर पोरं ‘दिवा बंद करा’ ओरडत फिरायची, आणि खोलीत ओली बाळंतीण. “बत्ती लावायची न्हाई, आन् पोरगं रडायचं थांबंना. अंधारातच दूध पाजलं तिनं,” ती म्हणाली. भोंगा वाजला की तिला आधी गिरणीचा वाटायचा. पाळी सुटली आणि मालक येणार असं वाटायचं, मग आठवायचं की हा तो भोंगा नव्हे. तिची लढाई म्हणजे हा अंधार. ढाका, शरणागती, ९३ हजार युद्धकैदी यातलं तिला काही ठाऊक नाही, आणि त्यात नवल वाटावं असंही काही नाही. तिला पाच पैशांचं तिकीट पक्कं आठवतं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तेव्हा पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. तिचं पत्र लिहून देणाऱ्या मास्तरानं ते पैसे वेगळे मागितले होते.

पण तिची लढाई १६ डिसेंबरला संपत नाही. तिच्या सांगण्यात लढाईतून थेट बाहत्तरचा दुष्काळ सुरू होतो. खडी फोडायला जाणं, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, आटलेल्या विहिरी. “लढाईनं दुष्काळ आला,” ती ठामपणे सांगते. हे खरं नाही. पाऊस पडला नाही म्हणून दुष्काळ आला. त्या दुष्काळाच्या कामांवर मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं राबत होती आणि सोलापूर जिल्हा सगळ्यांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. मी तिला दुरुस्त करायला गेले नाही. आधी नवरा-बायकोची ताटातूट, मग अंधार, मग भूक, हे तिच्या अंगावरून एकामागोमाग गेलं. तिच्यासाठी ती एकच ओळ आहे.

सुनेचं उत्तरही त्याच खिडकीपाशी होतं. ती ‘युद्ध’ हा शब्द वापरतच नाही. ती म्हणते ‘तिकडचं’. तिकडचं कसं आहे, तिकडचं काही कळलं का. ७ मे रोजी पूंछवर तोफगोळे पडले, त्यात साधी माणसं मेली, हे तिनं टीव्हीवर पाहिलं. भावाचा फोन लागेना. त्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवला की रेंज बरी लागते, म्हणून तिनं फोन तिथं, स्टीलच्या वाडग्यात ठेवला. वाडग्यात ठेवला की रिंग मोठी ऐकू येते. ती कणीक मळताना, भांडी घासताना कान तिकडं. आणि पुढ्यात मोठी आईची चादर! सून चादर सरकवायची, मोठी आई पुन्हा ओढायची. तीन दिवस दोघी एकमेकींना एक शब्द न बोलता हे करत होत्या.

सून मला म्हणाली, “बाई, त्यांना वाटायचं उजेड बाहेर जाईल. मला वाटायचं फोन आत येणार नाही.”

एका खिडकीवर दोन लढाया, चोपन्न वर्षांच्या अंतरानं. घरातल्या दोन पुरुषांना आणि मुलाला यातलं काही दिसलंही नव्हतं. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “चादर ना? उन्हासाठी लावली असंल.”

तेरा वर्षांचा मुलगा आणि टीव्ही

वडिलांची लढाई म्हणजे कारगिल. ते सांगताना त्यांचे डोळे चमकतात. १९९९ च्या मे ते जुलैत ते तेरा वर्षांचे होते. तोलोलिंग, टायगर हिल, बोफोर्स तोफा, ही नावं त्यांना आजही तोंडपाठ. ८ जूनला मँचेस्टरला वर्ल्डकपमध्ये भारतानं पाकिस्तानला ४७ धावांनी हरवलं, तेव्हा गल्लीत फटाके वाजले आणि थोड्या वेळानं पुन्हा बातम्या लावल्यावर सगळे गप्प झाले, हेही त्यांनी सांगितलं. शाळेत जवानांसाठी डबा फिरला होता. त्यांनी साठवलेले बावीस रुपये त्यात टाकले.

कारगिलमध्ये भारताचे ५२७ जवान गेले. त्या लढाईत एक गोष्ट नवी होती. जवानांचे देह तिरंग्यात लपेटून त्यांच्या त्यांच्या गावी पोचवले गेले, आणि ते टीव्हीवर दिसलं. त्याआधीच्या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार रणभूमीजवळच होत. घरी तार यायची, मागाहून सामान. मोठी आईच्या पिढीनं मरण वाचून घेतलं, तेही दुसऱ्याकडून. कारगिलच्या पोरांनी शवपेटी पाहिली, फुलं पाहिली, हजारोंची गर्दी पाहिली. माझ्या मते आपल्याकडं सैनिकाविषयीची भावना खरी बदलली ती इथं. आदर तर पूर्वीही होता, आता त्यात प्रत्येक घराचा हक्क आला.

आणि हाच मुलगा, तेरा वर्षांचा, जून १९९९ मध्ये टीव्हीसमोर वडिलांना विचारत होता, “आण्णा, तुम्ही का नाही गेलात?” आण्णा म्हणजे आपले आबा. आदल्याच वर्षी पेन्शनवर आलेले. त्यांनी काय उत्तर दिलं? “काहीच नाही,” वडील म्हणाले. “उठून ड्यूटीला गेले. बँकेच्या.”

पुढं वडील स्वतः भरतीला गेले होते, दोनदा. छाती कमी भरली. त्या घरात पंचवीस वर्षं एक न बोललेली समजूत होती: आबांची लढाई हुकली. आबा फौजेत होते, पण लढाईत नव्हते. ८ मेच्या रात्री मुलगा जे बोलला ते त्यानं शोधून काढलेलं नव्हतं. ते त्याच्या बापाच्या मनात १९९९ पासून होतं, पोरानं ते फक्त तोंडावर म्हटलं. मी हे वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी असं कधी म्हणलं नाही बाई.” म्हणाले नव्हते, हे खरंच.

मुलाची लढाई

तिसऱ्या आठवड्यात मुलगा बोलायला लागला. मी व्हिडिओ, स्टेटस यातलं काहीच काढलं नाही, म्हणून असेल. त्याला पहिलं काय आठवतं? पुलवामा. १४ फेब्रुवारी २०१९. तो तिसरी-चौथीत, वर्गात मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या हल्ल्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले. मग बालाकोट, मग अभिनंदन पकडला गेला आणि १ मार्चला परत आला. गलवान, जून २०२०, लॉकडाऊनमध्ये घरात बसून. मग युक्रेन, मग गाझा, तेही त्याच हातातल्या पडद्यावर. आणि मग पहलगाम, २६ जीव, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा.

त्याच्या पिढीचं दुखणं मला इथं कळलं. मोठी आईच्या लढाईला तेरा दिवस होते, कारगिलला साधारण अडीच महिने. सुरुवात होती, शेवट होता, नंतर सुट्टी, मिरवणूक, जेवण. या मुलाच्या आयुष्यात लढाई कधी सुरू झाली नाही आणि कधी संपलीही नाही. ती मधूनमधून उगवते आणि पडद्यावरून जाते. तिला कुणी ‘युद्ध’ म्हणतही नाही. सर्जिकल स्ट्राइक, एअर स्ट्राइक, ऑपरेशन. म्हणून १० मे रोजी संध्याकाळी शस्त्रसंधी झाली तेव्हा तो चिडला. “थांबवलंच का? काही संपलंच नाही ना बाई,” असं तो मला म्हणाला. त्याच्या आईनं त्याच संध्याकाळी देवापुढं साखर ठेवली होती, कारण वाडग्यातला फोन वाजला होता. दीड मिनिट. भाऊ एवढंच म्हणाला, “जेवलो.”

चिडण्यामागं द्वेष असेल असं मी धरून चालले होते. त्यापेक्षा जास्त होती ती एक भूक. एकदा तरी काहीतरी पूर्ण व्हावं.

आमच्या शाळेची सहल दर वर्षी भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात जाते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, जपानविरुद्धच्या लढाईत चिनी जखमींवर उपचार केले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. दर वर्षी कुणीतरी मुलगा विचारतो, “बाई, त्यांनी चीनला का मदत केली?” मनापासून विचारतो. त्याच्यासाठी चीन म्हणजे गलवान, त्याच्या आजोबांसाठी १९६२. कोटणिसांच्या वेळचा चीन दोघांपैकी कुणालाच माहीत नाही. हा मुलगाही आठवीत असताना हेच विचारून गेला होता. लढाई ज्या वयात भेटते त्या वयाचा चष्मा मग सगळ्या लढायांना लागतो, हे मी त्या स्मारकात अनेकदा पाहिलेलं होतं. आपल्या वर्गातल्या पोराच्या घरातही तेच असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

कॅलेंडरची पाठ

जूनच्या मध्यावर एका रविवारी मी सगळ्यांना एकत्र बसवलं. जुन्या कालनिर्णयची चार पानं उलटी करून चिकटवली. आडवी एक रेघ मारली, १९६० ते २०२५. प्रत्येकानं आपल्याला आठवणारी लढाई त्या रेघेवर लिहायची, आणि तेव्हा आपण कुठं होतो तेवढंच खाली लिहायचं. जिंकलो-हरलो, बरोबर-चूक, काही नाही. फक्त कुठं होतो.

मोठी आईनं सांगितलं, सुनेनं लिहिलं: परळ. त्यापुढं मोठी आईच्या हट्टानं ‘खडी’. वडिलांनी कारगिल लिहिलं: घरी, टीव्हीसमोर. मुलानं पाच ठिकाणी लिहिलं, पाचही वेळा ‘घरी’. सुनेनं २०२५ च्या खाली लिहिलं ‘ओटा’, मग खोडून ‘खिडकी’.

आबा खुर्चीवर होते. त्यांच्याकडं पेन गेलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि १९८७ च्या जागी एक टिंब दिलं. फक्त टिंब. मुलगा बघत होता. “तिथं काय होतं आबा?” ८ मे नंतर तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला.

“श्रीलंका,” आबा म्हणाले.

मी वीस वर्षं इतिहास शिकवते. वर्गात १९६२, १९६५, १९७१, १९९९ असं एका दमात म्हणते. १९८७ माझ्या तोंडी कधी आलं नाही. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिथं गेली. तमिळ वाघांनी, म्हणजे तिथल्या एलटीटीई या बंडखोर संघटनेनं, शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून गेलेल्या सैन्याला ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढावं लागलं. जाफना घेण्याच्या त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पवन’. मार्च १९९० मध्ये सैन्य परत आलं, तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. कारगिलच्या दुपटीहून अधिक. परत आले तेव्हा मद्रासच्या बंदरात स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. विजय नाही, पराभवही नाही, म्हणून ना सुट्टी ना मिरवणूक. माझ्या फळ्यावरही तारीख नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

मुलाला कारगिलचे चारही परमवीर माहीत होते. मी त्याला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्याबद्दल सांगितलं. जन्म मुंबईचा, ८ महार पलटण, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण, मरणोत्तर परमवीर चक्र. अंदमानातल्या ज्या २१ बेटांना २०२३ मध्ये परमवीरांची नावं दिली, त्यातलं एक त्यांचं. आबा मान हलवत होते. “अपनी ही रेजिमेंट,” ते म्हणाले. हिंदीत. त्यांच्या पलटणीचं नाव मी इथं देत नाही, पण रेजिमेंट हीच.

पेटी

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात नव्हता. आठवड्यानं मी गेले तेव्हा पलंगाखालची काळी पत्र्याची पेटी बाहेर काढलेली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, अर्धं उडालेलं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, एक बेरेट, पट्टा, आणि इनलँड पत्रांचा गठ्ठा, बांगडीच्या रबराला बांधलेला. ती आबांनी घरी पाठवलेली पत्रं. मोठी आईला वाचता येत नाही, पण तिनं जपली होती. पेन्शनवर आल्यावर आबांनी ती स्वतःच्या पेटीत टाकली.

मुलानं ती आम्हाला वाचून दाखवली. जाफन्यातून आलेली सात. सातही पत्रांत लढाई नाही. ‘इकडे नारळ पुष्कळ आहेत. ताडाची झाडे आपल्या शिंदीसारखी दिसतात. पोराला ताप होता तो उतरला का. मनिऑर्डर पोचली का.’ मुलगा वाचता वाचता थांबला. “यात काहीच नाही लिहिलेलं.” आबा म्हणाले, “मोठी आईला मास्तर वाचून दाखवायचा. चारचौघांत. काय लिहिणार?”

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सगळं हिंदीत. घरात मराठी बोलणारा हा माणूस फौजेचं काही सांगायला लागला की हिंदीत जातो. पहिल्यांदा वाटलं सवय असेल. नंतर लक्षात आलं, या गोष्टी त्यांनी मराठीत कुणाला सांगितलेल्याच नाहीत. त्यांच्याकडं त्या मराठीत नाहीतच. घरात मराठीचा त्या काळाशी संबंध एवढाच, ती सात पत्रं.

ते पलालीच्या विमानतळाजवळ स्टोअरला होते. गोळी त्यांनी क्वचितच चालवली. त्यांचं काम वेगळं. जो जवान जाई त्याचं सामान गोळा करायचं, यादी करायची, पेटी बंद करून पाठवायची. त्यांनी एक यादी पाठ म्हणून दाखवली, अडतीस वर्षांनंतर: बनियन दोन, घड्याळ एक बंद, साबणाची वडी अर्धी, पोस्टाचं पासबुक, मुलीसाठी घेतलेल्या रिबिनी लाल, एक पत्र न टाकलेलं. “लेटर का क्या करना है, किसी ने बताया नहीं था,” ते म्हणाले. पत्र त्यांनी यादीत लिहिलं आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवलं, म्हणजे उघडताना आधी दिसेल. अशा किती पेट्या बांधल्या, हे मुलानं विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “मैं लड़ा नहीं बेटा. तू ठीक बोला. ड्यूटी थी.”

त्या रात्री मुलानं त्यांना दुखावलं, कारण तो त्यांच्या मनातलंच बोलला होता. आबांनाही वाटत होतं की आपली लढाई लढाई नव्हे. कारगिलच्या शवपेट्या टीव्हीवर पाहताना ते उठून बँकेत गेले ते लाजेनं गेले की आणखी कशानं, हे मी विचारलं नाही. पण पूंछचं नाव लिहिलेला मामाचा फोटो पाहून त्यांचा हात मोबाइलकडं का गेला, ते आता घरात सगळ्यांना कळलं. ज्यानं पेट्या बांधल्या त्याला ते नाव वाचून यादी दिसली असणार.

मुलगा रडला नाही, माफीही मागितली नाही. त्यानं पत्रं पुन्हा तारखेनुसार लावली, रबर तुटलं होतं म्हणून सुतळी बांधली. वडील उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आले.

पुढं काय झालं

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वडिलांसाठी खरी लढाई अजून कारगिलच. “श्रीलंकेचं वेगळं होतं,” ते म्हणतात, आणि मग आवाज खाली जातो. मुलगा अजून शस्त्रसंधीवर वाद घालतो. माझ्याशीही घालतो, आणि त्याचे काही मुद्दे मला खोडता येत नाहीत. मोठी आईची चादर पावसाळ्यात निघाली. सुनेनं ती धुऊन घडी घालून तिच्याच उशाशी ठेवली. कारगिल दिनाला शाळेत येऊन बोला, असं मी आबांना दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा नको म्हणाले, मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या वर्गातला क्रम मात्र बदलला आहे. १९७१ नंतर १९८७ येतं, आणि ते शिकवायला एक पूर्ण तास लागतो.

दुसऱ्या शिक्षकानं हे करून बघायचं ठरवलं तर एवढं सांगेन. रेघेवर ‘कुठं होतो’ एवढंच लिहून घ्यावं, मत विचारू नये. बायकांना आधी विचारावं, कारण पुरुष बसले की त्या चहा करायला उठतात. आणि घरात जो गप्प आहे त्याच्या हातात पेन सगळ्यांत शेवटी द्यावं.

दिवाळीत मी फराळाला गेले. सुनेचा भाऊ रजेवर आला होता. कॅलेंडरची ती पानं कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली होती. १९८७ च्या टिंबाखाली मुलाच्या अक्षरात ‘पलाली’ आणि त्याखाली आबांच्या अक्षरात सहा नावं, गावांसकट. गच्चीवर आबा आणि तो जवान बसले होते. दोघं हिंदीत बोलत होते, हळू. मुलगा जिन्याच्या वरच्या पायरीवर, हातात मोबाइल नाही. सून चहा घेऊन वर निघाली, त्याला ओलांडून जावं लागत होतं. ती म्हणाली, “बस तू, उठू नको,” आणि कपबशी सांभाळत कडेनं गेली.